जांभळाची वीज

जांभळाच्या सालींपासून वीज होते असं मी सांगितलं की ऐकणारा आधी हसतो आणि मग विचारतो, "मग आमच्या घरात का नाही आली?" प्रश्न रास्त आहे. मी आता विरारच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासते, आणि तिथे कोणी मला असले प्रश्न विचारत नाही. पण दिवाळी अंकाच्या वाचकाला निवांतपणा असतो, म्हणून हे उत्तर जरा सविस्तर देते.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत एका बाजूला प्लास्टिकचे कंगवे बनायचे, दुसऱ्या बाजूला पितळी नळांना पॉलिश व्हायचं, आणि मधल्या गाळ्यात आम्ही सोलर सेल बनवायचो. बाहेरून आणून जोडत नव्हतो, बनवत होतो. हा फरक मी कोणालाही विसरू देत नाही. देशात तेव्हा सोलरचं काम म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर आयते सेल आणायचे, काचेखाली डकवायचे आणि वर आपला शिक्का मारायचा, एवढंच यायचं. आम्ही मात्र रंगापासून सुरुवात केली होती.

माझे वडील कामगार संघटनेचं काम करत. मनवेलपाड्यातल्या आमच्या खोलीत भांड्यांपेक्षा पत्रकं जास्त असायची. मला अक्षरओळख झाली ती "कामगार बंधूंनो" या शब्दांपासून, आणि पुढे बी.एस्सी. होईपर्यंत मी कोणत्याही विषयावर बोलू लागले की ते पत्रकच व्हायचं. साठे सरांच्या गाळ्यात नोकरी मागायला गेले तेव्हाही तेच झालं. सर एका संशोधन संस्थेतून निवृत्त होऊन पुण्याहून इथे आलेले. त्यांनी विचारलं, "हे काम का करायचंय?" मी म्हणाले, "ऊन गरिबाच्या डोक्यावर पडतं आणि वीज श्रीमंताच्या घरात जाते. ही वाटणी मला मान्य नाही." आणखीही बरंच बोलले. सरांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि एक काच माझ्या हातात दिली.

"छान. आता ही पूस."

मी पुसली. सरांनी ती उजेडात धरली. कडेला माझ्या अंगठ्याचा ठसा होता.

"पुन्हा."

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी काचच पुसत होते. क्रांतीची सुरुवात अशी होईल असं कुठल्याच पत्रकात लिहिलेलं नव्हतं.

काम काय होतं ते सांगते. छपरांवर दिसणारी निळी पॅनेलं सिलिकॉनची असतात. सिलिकॉन वाळूपासून येतं, पण ते शुद्ध करायला अफाट भट्ट्या लागतात आणि भांडवलही तेवढंच. परदेशातल्या काही प्रयोगशाळांनी त्याच सुमारास दुसरी वाट काढली होती. भिंतीच्या पांढऱ्या रंगात जी भुकटी असते, टायटॅनियमची, तिचा अतिशय बारीक थर काचेवर द्यायचा, तो भट्टीत भाजायचा आणि मग एखाद्या गडद रंगात बुडवायचा. ऊन पडलं की तो रंग उत्तेजित होतो आणि आपल्याजवळचा एक कण पांढऱ्या थराकडे फेकतो. अशा फेकलेल्या कणांचा प्रवाह म्हणजे वीज. रंगाची भरपाई करायला मागे आयोडीनचं द्रावण असतं, जखमेवर लावतो त्याच्याच जातीतलं. वसईला पाचूबंदरच्या धक्क्यावर मासेमारीच्या बोटी लागल्या की माणसं रांगेत उभी राहून टोपल्या हातोहात वर देतात आणि रिकाम्या टोपल्या परत खाली येतात, तसंच हे. रंग म्हणजे बोटीतला टोपली वर देणारा, पांढरा थर म्हणजे धक्क्यावरची रांग, आणि आयोडीन रिकामी टोपली परत आणून देतं. एकानं हात आखडला की सगळी रांग थांबते.

परदेशात यासाठी दुर्मिळ धातूपासून केलेला रंग वापरत. तो आमच्या आवाक्यात नव्हता, आणि सरांच्या तत्त्वातही बसत नव्हता. त्यांचं म्हणणं, रंग इथला हवा, झाडावर लागणारा हवा. जास्वंद, बीट, रातांबे असं सगळं करून आम्ही जांभळावर आलो. हंगामात मी वटारच्या वाड्यांमध्ये जाऊन पिशव्या भरून जांभळं आणायची. एका वाडीवाल्यानं न राहवून विचारलं, "बाय, दारू कुठे पाडता तुम्ही?" मी त्याला टोपल्यांची सगळी गोष्ट समजावली. तो म्हणाला, "बरं बरं. पण पहिली बाटली मला."

गाळ्यातला फ्रिज जांभळाच्या रसाच्या बाटल्यांनी भरलेला असायचा. कंगव्यांच्या गाळ्यातला एक कामगार एकदा पाणी मागायला आला आणि आम्ही पाठमोरे असताना अर्धी बाटली पिऊन गेला. नशीब, आयोडीनची बाटली खालच्या कप्प्यात होती. दुसऱ्या दिवशी तो जांभळी जीभ दाखवत म्हणाला, "सर, साखर कमी पडली." सरांनी गंभीरपणे विचारलं, "उन्हात उभं राहिल्यावर काही जाणवलं का?"

भट्टी विजेवर चालायची आणि लोडशेडिंग कधीही यायचं. थर भाजत असताना वीज गेली की काच निवायची, थर सोलून यायचा आणि आठवड्याची मेहनत कचऱ्यात जायची. वीज तयार करायलाच वीज नाही, यावर मी एक जळजळीत पत्रक लिहिलं. सरांनी त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त केल्या आणि म्हणाले, "हे वीज मंडळाला पाठव. आणि भट्टी पहाटे लाव, तेव्हा सहसा जात नाही." मी दोन्ही केलं. पत्रकाचा उपयोग झाला नाही, पहाटेचा झाला.

मला ते दिवस आठवतात तेव्हा पहिल्यांदा ती पहाट आठवते. वसाहतीत कोणी नाही, कंगव्यांचं यंत्र अजून बंद, आणि भट्टीच्या झरोक्यातून काचा दिसताहेत. सर स्टोव्हवर चहा करायचे आणि मुंबईच्या ग्रंथालयातून आणलेले शोधनिबंध मोठ्यानं वाचायचे, वर्तमानपत्र वाचावं तसे. "ऐक, यांनी द्रावण घट्ट करायला जेली वापरली. आपल्याकडे चायना ग्रास मिळतं की." मग मी किराणा दुकानातून चायना ग्रास आणायची, दुकानदार विचारायचा, "पाहुणे येणार आहेत वाटतं?" आणि दुपारी आमची आयोडीनची जेली तयार. आमची गळती त्या जेलीनंच थांबली. जगातल्या कुठल्या तरी मोठ्या प्रयोगशाळेत आणि आमच्या गाळ्यात त्या दिवशी एकच विचार चालू होता, ही जाणीव मला पुन्हा कुठे मिळाली नाही.

मग कंपनीचं प्रकरण आलं. सरांचं पैशांचं पाठबळ संपत आलं होतं. मुंबईच्या एका कंपनीनं त्यांचं काम पाहून सांगितलं, की हे पॅनेल खऱ्या जगात, खऱ्या उन्हात एक हंगाम टिकवून दाखवा, पुढचं काम आम्ही उचलतो. टिकलं नाही तर गाळा बंद, हे त्यांनी सांगितलं नव्हतं, पण आम्हा दोघांनाही ते माहीत होतं. खरं जग म्हणून सरांनी समुद्र निवडला. खारा वारा, ओल, धक्के आणि भर ऊन, सगळं एका ठिकाणी.

पाचूबंदरला मी बऱ्याच बोटवाल्यांना विचारलं. एकानं सांगितलं, बोटीवर काच नको. दुसऱ्याला वाटलं मी गीझर विकतेय. शेवटी पास्कल तांडेल तयार झाले. त्यांनी आमचं पाटाएवढं जांभळं पॅनेल हातात घेऊन उलटसुलट पाहिलं.

"यानं मासली घाबरंल नाय ना?"

"नाही हो काका. हे फक्त एक छोटा दिवा लावेल. बॅटरी हे भरेल, तुम्हाला काही करायचं नाही."

"काय करायचाच नाय, अशी वस्तू बोटीवर असते काय?" मागून त्यांची बायको फिलोमिना मावशी म्हणाली. तिनं पॅनेलवरून पदर फिरवला. "देवलातल्या रंगीत काचेसारका हाय गो. बेस हाय." देऊळ म्हणजे तिचं चर्च.

पावसाळा संपून बोटी दर्यात निघाल्या तेव्हा पॅनेल केबिनच्या छपरावर बसलं. फादरांनी बोटीला आशीर्वाद दिला, त्यात पॅनेलवरही पवित्र पाण्याचे चार थेंब पडले. तसंच दुसरं पॅनेल, त्याच दिवशी, त्याच रसातून काढलेलं, आम्ही गाळ्याच्या छपरावर ठेवलं, तुलनेसाठी.

रविवारी कोळी दर्यात जात नाहीत. मी दर रविवारी सकाळची पहिली बस पकडून वसईच्या किल्ल्यापाशी उतरायची आणि चर्चमधली मिस्सा आटोपून माणसं घरी यायच्या आत पॅनेलला मीटर लावून आकडा घ्यायची. मावशी चर्चमधून आली की हाक मारायची, "काय गो बाय, जगतंय ना?" आणि मला तळलेले बोंबील खाल्ल्याशिवाय सोडायची नाही.

जगत होतं. तेच तर नवल होतं. गाळ्याच्या छपरावरचं पॅनेल ऑक्टोबरच्या उन्हात उतरू लागलं आणि दिवाळीपर्यंत त्याचा फिका चहा झाला. ज्या उन्हानं रंग कामाला लागतो तेच ऊन रंगाला खातं, हे आमच्या धंद्यातलं जुनं दुखणं. पण बोटीवरचं पॅनेल गर्द जांभळंच राहिलं, आणि त्याचा आकडा हलायला तयार नव्हता. सर एकदा माझ्याबरोबर येऊन स्वतः पाहून गेले. परतताना किल्ल्याच्या तटाशी थांबून ते म्हणाले, "वारा. अगं, समुद्रावरचा वारा! काच तापत नाही. रंगाला मारते ती उष्णता, ऊन नाही. आपण सगळे उन्हाला दोष देत बसलो." निवृत्त माणूस होता, पण मला तिथे एक मुलगाच दिसत होता. पुढचे काही आठवडे सर वाऱ्याशिवाय बोलत नव्हते. त्यांनी कंपनीलाही तसं कळवलं.

नाताळ उलटून गेल्यावर कंपनीचे साहेब आले. रविवार होता, पण त्यांची गाडी मुंबईहून यायला दुपार झाली. मी इतके दिवस पॅनेल पाहत होते ते फक्त सकाळी, हे माझ्या तेव्हा लक्षातही नव्हतं. आम्ही तिघं धक्क्यावर पोचलो. पास्कलकाकांची बोट समोर उभी होती आणि छपरावर, पॅनेलच्या जागी, एक ओली गोणी अंथरलेली होती.

सर हसले. "कोणी तरी वाळत टाकलीय वाटतं."

तेवढ्यात फिलोमिना मावशी आली. नवं लुगडं, केसांत फूल, साहेब येणार म्हणून नटलेली. ती सरळ बोटीवर चढली, गोणी उचलली आणि पदरानं काच पुसली. खाली जांभळं पॅनेल लख्ख चमकलं. साहेबांच्या तोंडून "वाह!" निघून गेलं. मी मीटर लावला. आकडा उत्तम होता. साहेबांनी सरांशी हात मिळवला, आणि मग सहज गोणीकडे बोट दाखवून मावशीला विचारलं, "ये क्यों?"

मावशी अभिमानानं सांगू लागली. "ऊन लागला का रंग उतरते ना, साहेब. माज्या लुगड्यांचा बघा, बोटीच्या रंगाचा बघा. यो तर जांभलाचा रंग, किती दिस राहील? तान्या पोराला सकालचा कवला ऊन दाखवतात, दुपारी कोन बाहेर ठेवतं काय? मी रोज झाकते."

"दर्यातपन मी गोनी टाकतो," पास्कलकाका मागून म्हणाले. "हिनं शपथ घातलीय."

"एक दिस चुकली नाय," मावशी म्हणाली.

साहेबांना यातलं काही कळलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "क्या बोल रही हैं?"

सरांना कळलं होतं. पुण्याचे असले तरी तेवढं कळलं होतं. ते माझ्याकडे पाहत नव्हते, पाण्याकडे पाहत होते. वाऱ्याचा सगळा सिद्धांत त्या गोणीखाली संपला होता. "धूळ बसू नये म्हणून झाकतात," एवढं एक वाक्य हिंदीत म्हटलं की भागणार होतं. धक्क्यावर ती बोली आणि साहेबांची हिंदी दोन्ही सफाईनं बोलणारी मी एकटीच होते. गाळा, भट्टी, पहाटेचा चहा, पुढच्या हंगामातली जांभळं, सगळं त्या एका वाक्यावर उभं होतं.

मी शब्दाला शब्द ठेवून सांगितलं. तान्ह्या पोराचंसुद्धा.

साहेब माणूस वाईट नव्हते. ते म्हणाले, "आप लोग ईमानदार हैं। लेकिन जिस सोलर को धूप से बचाना पड़े, वो मैं किसको बेचूँ?" त्यांनी मावशीला नमस्कार केला, सरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि गाडीकडे निघून गेले.

मावशीचा चेहरा उतरला. "काय झाला गो? मी वाईट केला काय?" पास्कलकाका तिच्यावर खेकसले, "सांगत होतो, दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नको!" तेव्हा सर पुढे झाले. ते कोणाला कधी वाकून बोलत नसत, पण बोटीच्या कडेशी वाकले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही त्याला जपलंत. आम्ही दुसरं उन्हात टाकलं, ते मेलं. तुमचं काही चुकलं नाही."

आम्ही बसस्टॉपकडे निघालो. मी मनात एक भाषण तयार ठेवलं होतं, सत्य आणि विज्ञान यांवर, सर रागावले तर ऐकवायला. सर रागावले नाहीत. बस दिसू लागली तेव्हा म्हणाले, "तू जरा सावकाश भाषांतर केलं असतंस तर मला थोडा वेळ मिळाला असता."

"कशासाठी, सर?"

"खोटं सुचायला." आणि ते असे हसले, की मला माझं भाषण आठवेना.

दोन महिन्यांत गाळा रिकामा झाला. भट्टी कोणी तरी चिनी मातीची खेळणी भाजायला नेली. सर पुण्याला मुलीकडे गेले.

मला खरं बोलल्याचा पश्चात्ताप नाही, तेव्हाही नव्हता. खोट्या आकड्यावर उभं राहिलेलं काम कोणत्या तरी गरिबाच्या छपरावर जाऊन मेलं असतं, आणि ते त्याला महागात पडलं असतं. पण खरं बोलल्यावर मन हलकं होतं असं जे सांगतात, ते माझ्या बाबतीत झालं नाही. आज वसई-विरारमध्ये नव्या इमारतींच्या छपरांवर बाहेरून आलेली पॅनेलं दिसतात. ऊन आपलं, छप्पर आपलं, आणि मधली काच दुसऱ्याची. मला राग येतो. त्या रागाचं एक पत्रक सहज होईल. पण राग ओसरला की खाली जे उरतं त्याचं पत्रक होत नाही. बाहेर उजाडलेलं नाही, भट्टीत काचा तांबूस दिसताहेत, आणि कोणी तरी जगातली ताजी बातमी मोठ्यानं वाचतंय, एवढंच ते असतं. वर्तमानपत्रात अधूनमधून नव्या सोलर सेलची बातमी येते, अमुक प्रयोगशाळेत तमुक पदार्थ, खर्च निम्मा, वीज दुप्पट. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचते, आणि शोधते ते एकच. उन्हात किती दिवस राहिलं? बहुतेक बातम्यांत ते नसतं.

पॅनेल मात्र बोटीवरच राहिलं होतं. गाळा बंद झाल्यावर मी ते काढायला गेले, तर मावशीनं काढू दिलं नाही. "राहू दे. आता झाकत नाय. बघू दे तुमच्या सरांना, खरा किती दिस जगते." गोणी तिनं खरंच घडी करून घरात ठेवली होती.

सरांनी जाताना मीटर मला दिला होता. त्यामुळे मी पुन्हा दर रविवारी पाचूबंदरला जाऊ लागले. आता त्या आकड्याची कोणालाच गरज नव्हती. दुपारी सर पुण्याहून आमच्या शेजाऱ्यांकडे फोन करायचे आणि विचारायचे, "आज किती?" मी आकडा सांगायची. ते तिकडे लिहून घेत असावेत, कारण थोडा वेळ थांबायचे. मग विचारायचे, "रंग?" गर्द जांभळाचं कोकम झालं. कोकमाचं पाणी घातलेलं सरबत झालं. मावशी पाण्यात पाहावं तशी त्या काचेत पाहायची. एकदा म्हणाली, "एक दुपार झाकू का? कोनाला कलनार नाय." मी मानेनंच नको म्हटलं. तिनंही हट्ट केला नाही.

उन्हाळा भरात आला तेव्हा एका रविवारी मी मीटर लावला आणि काटा उठलाच नाही. तारा तपासल्या, काच पुसली, पुन्हा लावला. काचेतून केबिनचं लाकूड आरपार दिसत होतं.

दुपारी फोन आला. "आज किती?"

"शून्य, सर."

पलीकडे पंख्याचा आवाज येत होता. सरांनी बहुतेक ते लिहिलं.

"रंग?"

"नाही राहिला."

"बरं झालं. म्हणजे आता खरं माहीत झालं." मी रिसीव्हर तसाच कानाला धरून ठेवला. शेजारच्या काकू मला खुणेनं विचारत होत्या, फोन तुटला का?

"अगं," सर म्हणाले, "मग पुढच्या रविवारी काय मोजायचं?"

मी म्हणाले, "तुम्ही फोन करा, सर. मी काही तरी मोजून ठेवते."